मागील स्प्रिंगची निवड : ट्रायम्फ स्पिटफायर मोटारीचा तांत्रिक इतिहास (१९६२-१९८०)

प्रस्तावना :
मोटारींचा इतिहास बहुधा इंजिन, वेग आणि बाह्यरूप यांच्या आधारे लिहिला जातो. वाहनाचा भार पेलणारी स्प्रिंग मात्र दुर्लक्षित राहते. ब्रिटनमधील ट्रायम्फ स्पिटफायर या क्रीडा-मोटारीच्या बाबतीत हे दुर्लक्ष परवडणारे नाही. तिच्या मागील स्प्रिंगमध्ये उद्योगाचे अर्थकारण, अभियंत्यांची तडजोड आणि चालकाची सुरक्षितता या तिन्ही बाबी एकत्र आलेल्या दिसतात. प्रस्तुत निबंधात या स्प्रिंगच्या स्थित्यंतराचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या जतनविषयक प्रश्नाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
१९५३ मध्ये फिशर अँड लडलो ही सांगाडे पुरविणारी कंपनी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ताब्यात गेली. त्यामुळे स्टँडर्ड-ट्रायम्फला एकसंध सांगाड्याची मोटार बनविणे अवघड झाले. परिणामी १९५९ ची 'हेराल्ड' स्वतंत्र चासीवर उभी राहिली. तिच्या मागील बाजूस एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग डिफरन्शियलवर घट्ट बसविली होती आणि प्रत्येक अर्ध-अक्ष डिफरन्शियलजवळील एकाच सांध्याभोवती झुलत असे. ही रचना स्वस्त व सुटसुटीत होती. मिकेलोत्ती यांनी रेखाटलेल्या स्पिटफायरने १९६२ मध्ये तीच स्वीकारली.

दोषाचे स्वरूप :
अशा अक्षावरील चाक वरखाली होताना आपला कोनही बदलते. मोटार वेगाने वळत असता बाहेरील चाकावर येणारे पार्श्वबल गाडीचा मागील भाग वर उचलते, चाक आतल्या बाजूस दुमडू लागते आणि त्याची रस्त्यावरील पकड घटते. वळणावर चालकाने अचानक ॲक्सिलरेटरवरील पाय काढल्यास भार पुढे सरकतो व धोका वाढतो. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ च्या आपल्या ग्रंथात शेव्हरोलेट कॉर्व्हेअरच्या अशाच रचनेवर टीका केली, तेव्हा हा प्रश्न सार्वजनिक चर्चेचा विषय बनला.

उपाय आणि अर्थकारण :
ट्रायम्फने दोन मार्ग चोखाळले. स्पिटफायरचीच बंद छताची भगिनी असलेल्या जीटी६ मोटारीला १९६८ मध्ये खालच्या बाजूस स्वतंत्र भुजा आणि अर्ध-अक्षात रबरी जोड देण्यात आले. हा उपाय प्रभावी, पण खर्चिक होता. १९७० च्या स्पिटफायर मार्क-४ साठी मात्र स्प्रिंगच बदलली गेली. सर्वांत खालचा पाटा तेवढा डिफरन्शियलला जखडून उर्वरित पाटे मध्यभागी मोकळेपणाने फिरू शकतील असे बसविले गेले. दोन्ही चाके एकाच वेळी वर आली की सर्व पाटे भार घेतात. गाडी एका बाजूस कलली की मोकळे पाटे नुसते फिरतात. मागील भागाचा कलण्यास होणारा विरोध त्यामुळे घटला, आणि त्याची भरपाई पुढील बाजूस अधिक जाड अँटी-रोल बार बसवून करण्यात आली. १९७३ मध्ये जीटी६ लाही हीच स्वस्त स्प्रिंग मिळाली, ही बाब अर्थकारणाचे प्राबल्य सूचित करते.

भारतीय संदर्भ :
मद्रास येथील स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून हेराल्डचे उत्पादन केले. १९७२ च्या 'गझेल' या आवृत्तीत मात्र झुलता अक्ष वगळून सरळ, अखंड अक्ष बसविण्यात आला. इंग्लंडमध्ये सुधारून टिकविलेली रचना येथे सोडून देण्यात आली, हे तुलनेसाठी महत्त्वाचे आहे.

जतनाचा प्रश्न :
१९७० पूर्वीच्या स्पिटफायरचे पुनरुज्जीवन करताना मूळची घट्ट स्प्रिंग बसवावी की नंतरची झुलती, हा प्रश्न उभा राहतो. पहिलीमुळे अस्सलपणा टिकतो, तर दुसरीमुळे सुरक्षितता वाढते. मात्र पुढील बार न बदलता केवळ झुलती स्प्रिंग बसविणे म्हणजे अर्धाच उपाय होय. थकून खाली बसलेला जुना पाटा चाकांचा कोन बदलतो, म्हणून गाडीची उंची व कोन मोजल्याशिवाय निवड करणे योग्य नव्हे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेली ट्युरिन सनद, नंतर केलेले बदल शक्यतो पूर्ववत करता यावेत, असा आग्रह धरते. झुलती स्प्रिंग या कसोटीस उतरू शकते. मात्र मूळ स्प्रिंग जपून ठेवणे व बदलाची नोंद करणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
१९८० मध्ये स्पिटफायरचे उत्पादन थांबले, तरी तिची स्प्रिंग आजही ऐतिहासिक साधन म्हणून बोलकी आहे. यंत्राच्या इतिहासात दोष हाही पुरावाच असतो. तो पुसून न टाकता, जिवास अपाय होणार नाही अशा रीतीने जपणे, हेच जतनकर्त्याचे कर्तव्य ठरते.