अक्राणीतली शिरगणती आणि 175 चं मत

मार्च 1971. अक्राणी तालुक्यातल्या डोंगरपाड्यावर तुम्ही उभे आहात. मोहाची फुलं टिपायचे दिवस. माणसं पहाटेच रानात गेली आहेत. शिरगणतीला आलेले गुरुजी कुडाच्या घरापुढे बसून म्हातारीला पावरी बोलीत विचारतात, घरात किती जण? ती बोटांवर मोजते, कडेवरचं नातवंड मात्र विसरते. गुरुजींना सांगा, तेही लिहा म्हणावं. हा मुलूख अजून धुळे जिल्ह्यात आहे, नंदुरबार वेगळा व्हायला 1998 उजाडेल. पण आज कागदावर चढलेलं पोर पन्नास वर्षांनंतरही राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मोजलं जाणार आहे.

18 जुलै 2022. मुंबईचं विधान भवन. राष्ट्रपतिपदाचं मतदान. नंदुरबार जिल्ह्यातले अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव. दोन आमदार काँग्रेसचे, दोन भाजपचे. त्यांच्यातल्या एकाच्या जागी तुम्ही. हातात गुलाबी मतपत्रिका (खासदारांची हिरवी), निवडणूक आयोगाने दिलेलं जांभळ्या शाईचं पेन. चिन्ह नाही. द्रौपदी मुर्मू आणि यशवंत सिन्हा, दोनच नावं. पुढे पसंतीचा अंक लिहायचा. पक्षाचा व्हिप इथे चालत नाही. सातपुड्यातून आलेल्या आमदारापुढे पहिल्यांदाच आदिवासी राष्ट्रपती निवडून येण्याची शक्यता आहे.

तुमच्या मताचं मूल्य 175. महाराष्ट्राची 1971 ची लोकसंख्या 5,04,12,235. तिला 288 आमदारांनी भागायचं, मग हजाराने. उत्तर प्रदेशच्या आमदाराचं 208, सिक्कीमच्या आमदाराचं 7. देशभरच्या आमदारांच्या मतांची बेरीज खासदारांत वाटली की या निवडणुकीत एकेकाच्या वाट्याला 700 येतात. म्हणजे नंदुरबारचे चार आमदार मिळून नेमका एक खासदार! राज्यघटनेच्या अनुच्छेद 55 ने संसद आणि राज्यं यांना असं समान तोललं आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्यं वेगळे निर्वाचक नेमतात. आपल्याकडे मतदारांनी निवडलेला आमदारच निर्वाचक असतो.

आकडे 1971 वरच का थांबले? 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने ते गोठवले, 84 व्या दुरुस्तीने मुदत वाढवली. कुटुंबनियोजन मनावर घेतलेल्या राज्यांचं वजन घटू नये, हा हेतू. मला तो न्याय्य वाटतो. पण 1971 नंतर सातपुड्यात जन्मलेलं एकही माणूस या भागाकारात नाही, हेही खुपतं.

2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की ही गोठवणूक सुटेल, आणि झपाट्याने वाढलेल्या राज्यांचा वाटा मोठा होईल. त्याआधीच सगळ्या राज्यांनी समोरासमोर बसून नवं सूत्र ठरवायला हवं. महाराष्ट्राने त्यात पुढाकार घ्यावा.