कोयत्याच्या हिशेबातले वय

बीड जिल्ह्यातल्या बालविवाहांचा विषय निघाला की ‘समाजाची मानसिकता’ हे उत्तर फार लवकर दिले जाते आणि विचार तिथेच थांबतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयोगटातल्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात सुमारे २२ टक्के होते. बीडमध्ये ते ४० टक्क्यांच्या वर होते. कायदा एकच, सरकार एकच, मग एवढी तफावत कशी? माझ्या मते तिचा मोठा भाग ऊसतोडीच्या मजुरीची जी पद्धत गेल्या सत्तर वर्षांत रुळली, तिच्यात सापडतो.

१९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेकाठी सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. पुढे पाटपाण्याच्या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. तोडलेला ऊस पडून राहिला तर उतारा घटतो, म्हणून हंगामभर हुकमी हात लागतात. ते पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, धारूर, वडवणी या बालाघाटाच्या कोरडवाहू भागातून आले, शेजारच्या पाथर्डीतून आले. इथे दिवाळीपर्यंत खरीप घरात येतो, रब्बीला पाणी नसते, आणि नेमकी तेव्हाच कारखान्यांची धुराडी पेटतात. १९७२ च्या दुष्काळाने ही वाट आणखी रुंद केली. एका प्रदेशाचा बागायती विकास दुसऱ्या प्रदेशाच्या कोरडेपणावर उभा राहिला, ही गोष्ट सहकाराच्या गौरवगाथांत क्वचितच सांगितली जाते.

मजुरांची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधून गाडीपर्यंत वाहायच्या. एकटा गडी अर्धा कोयता. त्यामुळे मुलाचे लग्न झाले की घरात येणारी उचल वाढते, आणि कमी वयाच्या सुनेलाही त्या हिशेबात जागा मिळते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीपुढे वाटा मोजक्याच असतात. कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून धाकट्याला सांभाळायचे, पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, नाहीतर गावी म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहायचे, नाहीतर लग्न. आईबापांबरोबर तोडीवर जाणारा मुलगा दिवाळीनंतर शाळेतून जातो आणि परततो तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते. हजेरीपटावर नाव राहते, अभ्यास सुटतो. जो मागे राहतो त्याला शाळा मिळते, पण वयात येण्याच्या काळातले पाच-सहा महिने आईबापांशिवाय काढावे लागतात. ही झीज कुठल्याच गुणपत्रिकेत दिसत नाही.

यावर एक आक्षेप असा की आईबापांनाच शिक्षणाची कदर नाही. पण त्याच गावात, त्याच जातीत, ज्या घराच्या विहिरीला पाणी आहे किंवा ज्या घरात एक नोकरदार आहे, तिथली मुलगी बारावीपर्यंत जाते. कदर नसती तर मुलांना म्हातारीच्या हवाली करून जाण्याची जोखीम कोणी घेतली असती? तोडीवर पोर नेली तर भीती, मागे ठेवली तरी भीती. लग्न हा त्या भीतीवर आईबापांनी काढलेला चुकीचा, पण समजण्याजोगा तोडगा आहे. दुसरा आक्षेप याच्या उलट: मग सगळा दोष अवर्षणाचाच. तोही पुरता टिकत नाही. रोजगार हमीचा कायदा राज्यात १९७७ साली झाला, तरी स्थलांतर थांबले नाही. हमीचा पैसा काम झाल्यावर थोडा थोडा येतो. उचल आधी आणि एकरकमी हाती पडते, आणि दवाखाना, बियाणे, जुने देणे यांना एकरकमीच पैसा लागतो. प्रदेश स्थलांतराची शक्यता तयार करतो. कोणत्या घरातले पोर त्यात ओढले जाईल, ते त्या घरावरचे कर्ज ठरवते.

कारखान्यांच्या तळावरच्या साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहे यांनी लहान मुलांना खरा आधार दिला, हे मान्य करायलाच हवे. पण २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची हमी चौदाव्या वर्षी संपते आणि मुलीचे लग्नाचे कायदेशीर वय अठरा आहे. मधली चार वर्षे, म्हणजे नेमके किशोरवय, त्या घरातल्या हिशेबावर सोडलेले आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना ही फट बुजवू शकते, पण त्यासाठी प्रवेश उचल वाटली जाण्याआधी पक्के व्हायला हवेत. टोळी गाडीत बसते तेव्हा नव्हे, मुकादमाशी व्यवहार ठरतो तेव्हाच मुलीचे काय करायचे हेही घरात ठरून गेलेले असते.