मीठखात्याचा अधिकारी, मद्याचा व्यापारी आणि पाखरांचा ध्यास

विवाहाची नोंद करताना वधूवरांच्या नावांपुढे ‘व्यवसाय’ असा एक रकाना आम्ही भरत असतो. शेतकरी, फिटर, परिचारिका, बँकेतील कारकून : एका शब्दात माणूस त्या चौकटीत बसतो. त्याच्या छंदासाठी मात्र कोणत्याही नोंदवहीत रकाना नाही. छंद म्हणजे फावल्या वेळचा विरंगुळा, संसारी माणसाने तो फार मनावर घेऊ नये, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. या समजुतीला धक्का देणारा इतिहास आपल्याच मुंबईत घडला आहे, आणि त्याच्या पाऊलखुणा अंधेरी, गोरेगाव, बोरिवलीपर्यंत उमटलेल्या आहेत. ज्यांची भाकरी मीठ, मद्य, औषधे, पोलीसखाते आणि आगगाड्या यांवर अवलंबून होती, अशा माणसांनी या देशातील पक्षी, प्राणी व वनस्पती यांचे ज्ञान मोठ्या कष्टाने उभे केले. ते ज्ञान त्यांना पुष्कळ अंशी आपापल्या व्यवसायाच्या वाटेवरच गवसले, असे आम्हांस वाटते.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालयात, आठ गृहस्थ एकत्र आले. निसर्गातील आपली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत, जमवलेले नमुने दाखवावेत, एवढाच त्यांचा माफक हेतू होता. त्यातून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्मास आली. आठांपैकी सहा युरोपियन आणि दोघे आपले. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, व्याकरणकार दादोबांचे बंधू व १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे एक प्रवर्तक. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. तेही डॉक्टरच, मराठीत वैद्यकावर लिहिणारे आणि औषधी वनस्पतींचे जाणकार. ज्या काळी औषध बहुधा झाडापासूनच मिळे, त्या काळी डॉक्टराने वनस्पतिशास्त्राकडे वळावे यात नवल ते काय! सखाराम अर्जुन १८८५ सालीच निवर्तले. त्यांची सावत्र कन्या रखमाबाई पुढे स्वतः डॉक्टर झाली आणि बालविवाहाविरुद्धच्या तिच्या खटल्याने सारा देश ढवळून निघाला, हे वाचकांना ठाऊक असेलच.

उरलेल्या सहांमध्ये चार्ल्स स्विन्हो हे लष्करातील कर्नल, पतंगांचे अभ्यासक. परंतु आमचे मन सर्वांत अधिक रमते ते एडवर्ड हॅमिल्टन एट्किन यांच्यापाशी. त्यांचा जन्म १८५१ साली साताऱ्यात एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी झाला. शिक्षण मुंबई-पुण्यातच झाले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकवले आणि १८७६ साली जकात व मीठ खात्यात ते नोकरीस लागले. भांडुप-मुलुंडकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या नोकरीचे स्वरूप सांगावयास नको. खाडी, चिखल, बांध, भरती-ओहोटी, आणि मैलोगणती माणसांचा पत्ता नाही. कच्छच्या रणाकाठचे खाराघोडा, नंतर उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा व गोव्याची सरहद्द, अशा जागी त्यांच्या बदल्या होत राहिल्या. दुसरा एखादा अधिकारी अशा एकांताला कंटाळून गेला असता. एट्किन यांनी बंगल्यातील उंदीर, मुंग्या, बेडूक आणि कावळे यांनाच आपले शेजारी मानले आणि त्यांच्याविषयी एक मिस्कील ग्रंथ लिहिला. सोसायटी स्थापन झाली त्याच वर्षी तो प्रसिद्ध झाला. पुढे १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवर त्यांचे पुस्तक आले. गोव्याच्या सरहद्दीवर मलेरियाचा शोध घेतला जात असताना सापडलेल्या डासाच्या एका जातीला त्यांचे नाव मिळाले. डासाला आपले नाव मिळणे हा बहुमान कोणाला रुचेल न रुचेल, पण एट्किन यांची विनोदबुद्धी पाहता ते मनापासून हसले असतील! सरकारने त्यांना चुकवलेली जकात पकडण्यासाठी खाडीकाठी पाठवले होते. बगळे मोजण्याची आज्ञा कोणी दिली नव्हती. परंतु खाडीकाठी पाठवले म्हणूनच तर बगळे दिसले.

नव्या संस्थेला जागा हवी होती. ती दिली एच. एम. फिप्सन यांनी. यांचा धंदा मद्याचा. फोर्टमधील १८, फोर्ब्स स्ट्रीट येथील आपल्या जागेत जानेवारी १८८४ पासून त्यांनी सोसायटीला आसरा दिला, आणि १८८६ ते १९०६ अशी वीस वर्षे तिचे मानद चिटणीसपद सांभाळले. १८८६ सालीच सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले, ते आजतागायत चालू आहे. फिप्सन यांच्या खुर्चीमागे पिंजऱ्यात एक भलामोठा धनेश राहत असे. १८९४ साली कारवारहून आलेला हा ‘विल्यम’ १९२० पर्यंत सोसायटीत नांदला, आणि संस्थेच्या बोधचिन्हावर तर आजही विराजमान आहे. फिप्सन यांच्या पत्नी डॉ. एडिथ पीची या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या आद्य स्त्री-डॉक्टर. रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेस पाठवण्यात त्यांचा पुढाकार होता. असे धागे कोठे कोठे जुळलेले असतात.

फिप्सन यांच्या पेढीत मदतनीस म्हणून आलेले वॉल्टर मिलार्ड त्यांच्या मागून मानद चिटणीस झाले. १९०८ साली त्यांच्या कचेरीत एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा भीतभीत शिरला. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी त्याच्या हातात होती आणि ती कोणत्या जातीची, हे त्याला जाणून घ्यायचे होते. मिलार्ड यांनी त्याला घालवून दिले नाही. कपाटांतील पेंढा भरलेले पक्षी एकेक करून दाखवले, पक्ष्यांविषयीची पुस्तके वाचावयास दिली. तो मुलगा म्हणजे सालिम अली.

सालिम अलींचा पुढचा मार्ग सरळ नव्हता. शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणी व लाकडाच्या धंद्यात गेले. तेथे धंद्यापेक्षा रानातच अधिक रमले. परत आल्यावर दावर कॉलेजात ते वाणिज्य कायदा व हिशेब शिकू लागले. या तरुणाचा खरा ओढा ओळखला तो सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी. त्यांच्याच आग्रहामुळे सालिम अली हिशेबाचे धडे सांभाळून प्राणिशास्त्राच्या वर्गांनाही बसू लागले. पदवी नसल्यामुळे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना नाकारली गेली. वस्तुसंग्रहालयातील मार्गदर्शकाची नोकरीही गेली. त्या बेकारीच्या दिवसांत अलिबागजवळच्या किहीम गावी बसून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा जो अभ्यास केला, त्यानेच त्यांचे नाव जगात पोहोचवले. आमच्या मते या साऱ्या इतिहासात हा प्रसंग विशेष ध्यानी घेण्याजोगा आहे. ‘आधी पोटाचे बघ’ हा सल्ला चुकीचा नाही. पालक तो देणारच, आम्हीही देतो. पण फादर ब्लाटर यांनी ‘हिशेब सोड’ असे म्हटले नाही. हिशेबाच्या जोडीला पाखरांसाठी जागा कशी करावी एवढेच दाखवले.

खुद्द फादर ब्लाटर स्वित्झर्लंडचे. १९०३ साली ते मुंबईस आले. वनस्पती हा त्यांच्या अध्यापनाचाच विषय असल्याने त्यांना केवळ छांदिष्ट म्हणता येणार नाही. तरी सह्याद्रीच्या कडेकपारींतून झाडपाला जमवीत हिंडण्यास कोणत्याही वरिष्ठाने त्यांना भाग पाडले नव्हते. त्यांचा शुष्क वनस्पतींचा संग्रह ‘ब्लाटर हर्बेरियम’ या नावाने झेवियर्समध्ये जतन केलेला आहे. त्यांचे तरुण सहकारी चार्ल्स मॅकॅन यांच्यासह लिहिलेला मुंबई इलाख्यातील गवतांवरचा ग्रंथ १९३५ साली, म्हणजे फादरांच्या निधनानंतर एका वर्षाने, प्रसिद्ध झाला. १९३७ साली भारतातील सुंदर वृक्षांवर एक पुस्तक आले, त्यावर लेखक म्हणून दोन नावे होती : ब्लाटर आणि मिलार्ड. एक धर्मगुरू आणि एक मद्यव्यापारी एका मुखपृष्ठावर! बहावा आणि गुलमोहर यांच्या सावलीत असे शेजार शोभून दिसते.

ब्लाटर यांचा वारसा स्पेनमध्ये जन्मलेल्या फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव यांनी चालवला. खंडाळ्याच्या वनस्पतींवर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला, भारताचे नागरिकत्व स्वीकारले, १९६१ पासून भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे संचालकपद सांभाळले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० साली मुंबईतच त्यांचे देहावसान झाले.

इतरांची नावे घ्यावयाची तर यादी लांबेल. ह्यू व्हिस्लर हे पंजाबातील पोलीस अधिकारी, सालिम अलींचे एक गुरू. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९२८ चे. फ्रँक वॉल हे लष्करी डॉक्टर, सापांचे अभ्यासक. लोथर हे रेल्वेतले, पक्ष्यांची छायाचित्रे टिपणारे. सिंगापूरचे लोक वान थो चित्रपटगृहांचे मालक. सालिम अलींसोबत त्यांनी रानोमाळ भटकून पक्ष्यांची चित्रे घेतली. पोलिसाची गस्त, डॉक्टरची छावणी, रेल्वेची बदली : प्रत्येकाला त्याची नोकरी कोठे ना कोठे घेऊन जात होती.

मात्र या चित्राची एक बाजू आम्हांस अस्वस्थ करते. फावला वेळ ही ज्याची त्याची मिळकत नसते. ज्यांच्यासाठी पाखरू हाच पोटाचा उद्योग होता, ते वारली, कातकरी, पारधी रानात वाट दाखवीत, घरटी शोधून देत. त्यांची नावे छापील पानांवर क्वचितच आली. बिहारच्या मीरशिकार जमातीतील अली हुसेन हा एक अपवाद. पक्षी पकडण्याचे पिढीजात कसब त्याने सोसायटीच्या कामी लावले. पायात कडी घालून स्थलांतराचा माग काढावयाचा तर आधी पक्षी इजा न होता हाती यावा लागतो, आणि त्या विद्येत पदवीधरांनी त्यालाच गुरू मानले.

आता आपल्या उपनगरांकडे वळू. मुंबई व साष्टी बेटांवरील पक्ष्यांची सविस्तर नोंद सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली या दोघांनी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध केली. वांद्र्यापासून बोरिवलीपर्यंत आणि कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत आपण जेथे राहतो, तीच ही साष्टी. अब्दुलअली व्यापारी होते. मुंबई राज्याच्या १९५१ च्या वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षण कायद्याच्या घडणीत त्यांचा मोठा वाटा होता. परदेशी पाठवल्या जाणाऱ्या बेडकांच्या तंगड्यांविरुद्धही त्यांनी चिकाटीने लेखणी झिजवली. भातखाचरातला बेडूक किती किडे फस्त करतो, हे शेतकऱ्याला माहीत होते. सरकारला ते पटवावे लागले. १९८७ साली ही निर्यात बंद झाली.

अंधेरीची कथा याहून साधी आहे. तेथील जुहू लेनमध्ये राहणाऱ्या झफर फतेहअली या व्यावसायिकाने १९५९ च्या अखेरीस पक्षिनिरीक्षकांसाठी एक लहानसे इंग्रजी पत्रक काढले. आरंभी ते चक्रमुद्रित असे. त्याच्या संपादक मंडळात महात्माजींचे क्वेकर स्नेही होरेस अलेक्झांडर होते, दिल्लीच्या उषा गांगुली होत्या, आणि केरळात इंग्रजी शिकवणारे प्राध्यापक नीलकंठन होते, ज्यांनी मल्याळी भाषेत पक्ष्यांचे पुस्तक लिहिले. आपल्या अंगणात काय दिसले, पहिला कोकीळ कधी बोलला, हे देशभरातून लोक पोस्टाने अंधेरीस कळवीत. फतेहअलींनी हे काम कित्येक दशके चालवले. २०१३ साली ते निवर्तले.

विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) या तलावांभोवतीचे डोंगर शहराच्या पाण्यासाठी राखले गेले. तेच आज सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ साली सोसायटीला शंभर वर्षे झाली तेव्हा राज्य शासनाने गोरेगावला, चित्रनगरीलगत व या उद्यानाच्या कडेला, ३३ एकर जंगल तिच्या हाती सोपवले. शाळांच्या सहली तेथे जातात. आमच्या धर्मग्रामातील मुलांनाही आम्ही नेले आहे. येणाऱ्या प्रौढांमध्ये विमा कंपनीतले असतात, शिक्षिका असतात, निवृत्त गार्ड असतात. वाटाड्या पुढे हळू चालतो आणि सारे मान वर करून उंबराच्या शेंड्याकडे पाहत असतात.