अष्टमीला लपलेली चूक

मुरूड-जंजिऱ्याजवळ नांदगाव नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिथे केशव दैवज्ञ राहत होते. १४९६ साली त्यांनी ‘ग्रहकौतुक’ हा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत, हे त्यांनी स्वतः वेध घेऊन पाहिलं होतं. आपल्या दुरुस्त्याही कायमच्या नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. पुढे पुन्हा फरक पडेल, तेव्हा पुढच्या गणकांनी आकाश पाहून गणित सुधारून घ्यावं, असं ते स्वच्छ लिहून गेले. कोकणात त्यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. त्यांनी वर्तवलेलं एक ग्रहण चुकलं, तिथल्या अंमलदाराने थट्टा केली, आणि केशव खिन्न होऊन गणपतीच्या देवळात तपाला बसले. त्यानंतर झालेल्या मुलाचं नाव गणेश ठेवलं.

या गणेश दैवज्ञांनी १५२० साली, म्हणजे शके १४४२ मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिलं. त्याआधी ग्रहगणितासाठी ज्या-कोज्यांची कोष्टकं लागत. गणेशांनी ती काढून टाकली आणि ४०१६ दिवसांची, म्हणजे अकरा वर्षांची चक्रं करून सगळं साध्या गुणाकार-भागाकारावर आणलं. गावचा जोशी ओटीवर बसून वर्षाचं पंचांग करू शकेल इतकं ते सोपं झालं. महाराष्ट्रात, गुजरातेत, कर्नाटकात पुढची साडेतीन-चारशे वर्षं पाडव्याला जे पंचांग वाचलं गेलं, ते बहुतेक या ग्रंथावरून केलेलं असे. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ग्रहलाघवातली त्रिकोणमितीशिवायची ती रीत समजून घेतली तेव्हा मनापासून हात जोडले.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्राच्या इतिहासा’त केशव-गणेशांचं काम मोठ्या आदराने नोंदवलं आहे. मला सतावतो तो प्रश्न पुढचा आहे. सुधारणा करा असं घराण्याचा मूळपुरुष स्वतः सांगून गेला, तरी एकोणिसाव्या शतकात कुणी सुधारणा करू म्हटल्याबरोबर त्याच घराण्याच्या ग्रंथाची ढाल का पुढे झाली?

आधी चूक कुठे होती ते सांगते. चंद्राच्या गतीवर सूर्याच्या ओढीचा परिणाम होतो आणि तो महिनाभर सारखा राहत नाही. जुन्या गणितात या परिणामाला जागा नव्हती. पण अमावास्येला आणि पौर्णिमेला त्यामुळे पडणारा फरक फार थोडा असतो, कारण जुन्या गणिताची बसवणी तिथेच झालेली होती. तो सगळ्यात वाढतो अष्टमीच्या सुमारास. तिथे तिथी दहा-बारा घटकांनी, म्हणजे चार-पाच तासांनी चुकू शकते. आता ग्रहण व्हायचं ते पौर्णिमेला नाहीतर अमावास्येला, आणि लोक पंचांगाची परीक्षा घेणार ती ग्रहणालाच. जिथे सगळ्यांचे डोळे आकाशाकडे लागतात तिथे चूक किरकोळ. जिथे ती मोठी, त्या अष्टमी-एकादशीला आकाशात बघून ताडण्यासारखं काहीच नाही. एकादशी सूर्योदयाला आहे की नाही यावर उपास आज की उद्या हे ठरायचं, आणि ते पंचांग सांगेल तसं. चूक अशी लपलेली असली की श्रद्धेला कधी ठेचच लागत नाही.

घड्याळं आली आणि ग्रहणातली किरकोळ चूकही दिसू लागली. तेव्हा पंचांगकर्त्यांनी काय केलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. ग्रहणाच्या वेळा ते इंग्रजी नाविक पंचांगावरून घेऊ लागले. तिथ्या मात्र ग्रहलाघवाच्याच ठेवल्या. एकाच चोपडीत एकाच चंद्राची दोन गणितं नांदू लागली. याला शास्त्राधारही मिळाला. ग्रहण, चंद्रोदय या दृष्ट गोष्टी, त्यांना दृक्प्रत्यय, म्हणजे डोळ्यांनी घेतलेला पडताळा, हवा. व्रत, श्राद्ध यांचं फळ अदृष्ट, त्यांना प्राचीन गणितच हवं. पण ग्रहलाघव कुणा ऋषीचा ग्रंथ नव्हता. तेव्हा जेमतेम साडेतीनशे वर्षांपूर्वी नांदगावच्या एका माणसाने जुनं बदलूनच तो केला होता. हे शास्त्रीमंडळींना माहीत नव्हतं असं नाही. विद्वत्तेत ती माणसं कमी नव्हती. किंबहुना विद्वत्ता होती म्हणूनच अशी भिंत घालता आली.

दुसरी ढाल ‘बाणवृद्धी रसक्षय’ या नियमाची. तिथी सरासरी साठ घटकांची धरली तर ती फार तर पाच घटकांनी वाढते आणि सहा घटकांनी घटते, म्हणजे पासष्टाच्या वर नाही नि चौपन्नाच्या खाली नाही. जुन्या गणिताचा हा परिणाम होता, पण कालांतराने तो धर्मशास्त्राचा नियम होऊन बसला. खरा चंद्र पाहिला तर तिथी सदुसष्ट घटकांपर्यंत जाते आणि पन्नासापर्यंत उतरते, ‘सप्तवृद्धी दशक्षय’. मग आक्षेप असा येई की नव्या पंचांगातल्या तिथ्या नियमाबाहेर जातात, अर्थात नवं पंचांग अशास्त्रीय. चंद्र स्वतःच नियमाबाहेर जातो आहे, हे म्हणायची पाळी कुणावर येत नसे.

पंचांगाच्या बाबतीत आपले लोक सगळाच बदल नाकारत होते, असंही नाही. छापील पंचांगं निघू लागली तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवत नसत. मुद्रक गणपत कृष्णाजींच्या काळातली गोष्ट आहे. त्यावर तुपाची शाई निघाली आणि छापील पंचांग देवघरात गेलं. चालत आलेल्याला धक्का न लावता मार्ग निघत असला तर आपण तो पटकन काढतो.

केरो लक्ष्मण छत्र्यांनी जो मार्ग काढला त्यात धक्का होता. केरूनाना अलिबागजवळच्या नागावचे, पुढे डेक्कन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १८६० साली त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ युरोपातल्या ताज्या गणितावरून मराठीत सिद्ध केला, आणि १८६५ पासून त्यावरून पंचांग काढलं. आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखलं गेलं. ग्रह अचूक, तिथ्या अचूक. पण केरूनानांनी राशिचक्राचा आरंभही रेवतीतल्या एका ताऱ्यापासून धरला, त्यामुळे संक्रांती चार दिवस अलीकडे आल्या. चार दिवसांनी काय होतं असं वाटेल. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक मास. संक्रांत चार दिवस सरकली की काही वर्षी अधिक मासच दुसरीकडे जातो, आणि गणपती, पितृपक्ष, दसरा, दिवाळी सगळं शेजाऱ्याच्या महिनाभर आधी येतं. तिथी दोन तासांनी बदलली तर घरातल्या घरात निभावून नेता येते. गावात एकट्याने दिवाळी करणं कुणाला झेपणार? केरूनानांचं पंचांग फारसं चाललं नाही.

केरूनानांचे विद्यार्थी लोकमान्य टिळक. १८९३ च्या ‘ओरायन’मध्ये त्यांनी वेदांचा काळ ठरवला तो संपातबिंदू ताऱ्यांमधून सरकतो या तत्त्वावर. १९०४ साली मुंबईला ज्योतिष परिषद भरली तीत ते पुढे होते. शुद्ध पंचांगाची बाजू त्यांनी शेवटपर्यंत धरली, रेवतीचा आरंभ मान्य केला, आणि त्या पंचांगाला टिळकांचं नाव लागलं. रत्नागिरी जिल्ह्यातली, सांगली-कोल्हापूरकडची पुष्कळ घराणी टिळकांच्या शब्दाखातर तिकडे वळली. माझं माहेर त्यांतलं. पणजोबांनी ग्रहलाघवी पंचांग बाजूला ठेवलं, भावकीतल्या निम्म्या घरांनी त्यावरून येणं-जाणं तोडलं. शुद्ध गणितासाठी माणसांनी सोसलेला हा त्रास मला लहानपणापासून अभिमानाचा वाटत आला आहे.

इकडे व्यंकटेश बापूजी केतकर या शाळामास्तराने बागलकोटला बसून ‘ज्योतिर्गणित’ रचलं. गणित तितकंच शुद्ध, पण त्यांनी उचलून धरला तो आरंभ चित्रा ताऱ्याच्या समोरचा. रेवतीतला तो तारा नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसतो, चित्रा ठळक, आणि चित्रा धरली की जुन्या संक्रांतींपासून फारसं ढळावं लागत नाही. सोलापूरच्या दाते पंचांगाने चित्रापक्ष घेतला, हळूहळू सगळा महाराष्ट्र तिकडे आला, आणि १९७३ साली निघालेल्या कालनिर्णयाने तो भिंतीभिंतीवर पोचवला. आता शुद्ध गणित दोन्हीकडे होतं. टिळक पंचांग सोडलं असतं तर चंद्राची एक विकलाही चुकणार नव्हती. तरी माझ्या माहेरी ते सुटलं नाही. ज्या वर्षी अधिक मास फुटतो त्या वर्षी आमच्याकडे गणपती ऑगस्टात येतो. गणेशमूर्तीवाल्याला शिमग्यापासूनच सांगून ठेवावं लागतं. शाळेला सुटी नसते, मुंबईच्या चाकरमान्यांना रजा मिळत नाही, आणि गणपतीवरच्या माटवीला बांधायला कवंडळं हवीत तर ती अजून हिरवीगार नि टोपणाएवढी.

अशाच एका वर्षी मी कागद-पेन्सिल घेऊन वडलांसमोर बसले. दोन आरंभांमधलं चार अंशांचं अंतर काढून दाखवलं, आरंभ कुठे मानायचा ही केवळ सोय आहे हेही सांगितलं. आप्पांचं गणित माझ्याहून कच्चं नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “अगो, तू म्हणतेस ते कळलं. पण मग त्या त्या साली मी वडलांचा महालय भलत्याच महिन्यात घातला, असं मी म्हणायचं का?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पणजोबांच्या काळी ग्रहलाघववाल्या भाऊबंदांनीही अगदी हेच विचारलं असणार. ज्यांनी सुधारणेसाठी भांडण घेतलं त्यांच्याच नातवाच्या तोंडी तो प्रश्न आला.

लिऑन फेस्टिंजर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली या गोष्टीचा सिद्धांत मांडला. मनातल्या दोन समजुती एकमेकींना छेद देऊ लागल्या की माणसाला ते सोसवत नाही, आणि जी सोडायला स्वस्त ती तो सोडतो किंवा तिसरी एखादी समजूत मध्ये घालून दोन्ही राखतो. या विचाराची एक सुरुवात बिहारात आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपानंतर जमुना प्रसाद यांनी लोकांत पसरलेल्या अफवा गोळा केल्या होत्या. ज्यांना धक्का बसला पण ज्यांचं काही पडलं-झडलं नाही, अशांत आणखी भयंकर संकटांच्या अफवा होत्या. चंद्रग्रहणाच्या दिवशी मोठा भूकंप होणार, ही त्यांतलीच एक. फेस्टिंजरला कोडं पडलं की घाबरलेली माणसं आणखी घाबरवणारं का मानतील? त्याने उत्तर असं काढलं की भीती आधीच मनात होती, आणि तिला शोभेल असं कारण मन शोधत होतं. पंचांगाच्या वादातही आचरण आधी होतं, बाण आणि रस मागून आले. आप्पांनाही तारा महत्त्वाचा नव्हता. घातलेलं पान पितरांना पोचलं, ही खात्री त्यांना सोडवत नव्हती, आणि त्यात लाज वाटावी असं मला आजही काही दिसत नाही.

त्याच १९५७ सालच्या २२ मार्चला भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, चैत्र १, शके १८७९. ती ठरवायला नेमलेल्या, शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर देशातली तीसएक पंचांगं होती. समितीत नागपूरचे केशव लक्ष्मण दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे दोघे महाराष्ट्राचे. ऋतू आणि महिने पुन्हा जुळावेत अशी साहांची तळमळ होती. सुमारे २८५ साली मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी होत असे. आता उत्तरायण २१-२२ डिसेंबरला लागतं आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. लेले, मोडक आणि दीक्षित या त्रयीने एकोणिसाव्या शतकातच सायन, म्हणजे ऋतूंना धरून चालणारं, पंचांग काढून संक्रांत डिसेंबरात आणून दाखवली होती, ती कुणी पाळली नाही. साहांच्या समितीनेही सणांपुरती माघार घेतली. आहे तो फरक राहू दे, निदान वाढू नये, म्हणून तो २३ अंश १५ कलांवर धरावा असं सुचवलं. तेही पंचांगांनी मनावर घेतलं नाही. संक्रांत अजून बहात्तर वर्षांना एक दिवस याप्रमाणे पुढे सरकतेच आहे. पानिपत संक्रांतीला झालं असं आपण सगळे म्हणतो. १४ जानेवारी १७६१ ला संक्रांत होऊन तीन-चार दिवस लोटले होते. गणित मांडून ज्यांना ज्यांना मी हे दाखवलं त्यांनी मान डोलावली आणि संक्रांतीलाच पानिपत ठेवलं.

सांगलीला शिकवत असताना डिसेंबर लागला की शाळेच्या पटांगणात मी मीटरभर लांबीची काठी उभी करायला लावत असे. मुलं रोज मध्यान्हीला सावलीच्या टोकाशी खूण करत. बावीस डिसेंबरच्या सुमारास सावली सर्वांत लांब होते, आणि तिळगूळ वाटायच्या दिवसापर्यंत ती सहा सेंटीमीटरनी आखडलेली असते. सातवीतल्या एका मुलीने सगळ्या खुणा स्वतः केल्या होत्या. उत्तरायण कधी लागलं, असं मी संक्रांतीच्या दिवशी विचारलं. ती खुणांकडे बघून म्हणाली, “बाई, सूर्याचं तेव्हाच लागलं. सणाचं आज लागलं.” मी तिला दोन्ही तारखा वहीत शेजारी शेजारी लिहायला सांगितल्या, आणि दोहोंमधले दिवस मोजायला.