भोंग्यातली घूं

वसमतला मामांच्या मंडपाच्या गोदामात व्हॉल्व्हचा एक जुना ॲम्प्लिफायर पडून होता. गावात त्याला 'मशीन' म्हणत. सप्ताहात कीर्तनाला तेच लावायचे. मागच्या दिवाळीत मी त्याला गिटार जोडून पाहिली. आवाज गोड, भरदार. पण खाली सतत एक घूं. मामा म्हणाले, "ते तर पहिल्यापासून असंच करतंय. कीर्तन सुरू झालं की कुणाला ऐकू येतंय? तुला नको असेल तर भंगारात देतो."

ही घूं विजेच्या तारेतून आली. ली डी फॉरेस्टने 1906 मध्ये तीन टोकांचा व्हॉल्व्ह केला, त्यानंतरची बरीच वर्षं रेडिओ बॅटरीवरच चालत. पुढे ते घरच्या विजेला जोडले जाऊ लागले तशी ही नवी पीडा मागे लागली. वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते आणि व्हॉल्व्हला हवा स्थिर दाब. तो गाळून देणारा कंडेन्सर थकला, की उरलेला हेलकावा थेट भोंग्यातून ऐकू येतो.

आपल्याकडे भोंगा घराघरात पोचला नव्हता तेव्हा तो सभांमध्ये पोचला होता. मुंबईच्या 'शिकागो रेडिओ'चे नानिक मोटवाने काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवत. मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसालाही गांधीजी ऐकू यायचे, ते या व्हॉल्व्हच्या यंत्रांमुळे. उषा मेहतांच्या 1942 मधल्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात मोटवानेही आरोपी होते. पुढे ते निर्दोष सुटले. माईकवाल्याचं नाव इतिहासात एरवी कुठे येतं?

आमचा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आणि खेड्यांत वीज यायला त्यानंतरही बराच काळ लागला. जिथे वीज नाही तिथे व्हॉल्व्हचं मशीन मोटारीच्या बॅटरीवर चालवता येई. त्यासाठी आत 'व्हायब्रेटर' नावाची एक डबी असे. ती बॅटरीचा करंट तोडत-जोडत राही, मग ट्रान्सफॉर्मर दाब वाढवी. ती डबी स्वतःच गुणगुणायची. म्हणजे वीज नसली तरी घूं होतीच.

मामांचं मशीन मात्र विजेचं. उघडायच्या आधी एक सांगतो: आत तीन-चारशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये साठून राहतात. रेझिस्टर लावून ते उतरवायचे, मीटरने खात्री करायची, मगच बोट घालायचं. यात घाई केलेली चालत नाही.

आवाजाचं बटण शून्यावर आणलं तरी घूं तशीच. म्हणजे दोष बटणाच्या अलीकडचा, माईकच्या बाजूचा नाही. मशीन बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढला, पुन्हा चालू केलं, तशीच. दुसरा काढला, तरी तशीच. कोडमधला बग शोधताना आम्ही एकेक भाग बंद करत जातो, तेच इथे. आता उरले शेवटचे मोठे व्हॉल्व्ह आणि वीज गाळणारा भाग. मोबाइलवरच्या ॲपमध्ये घूंचा सूर पाहिला: 100 हर्ट्झ. व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेतून घूं आली असती तर बहुधा 50 दिसले असते. रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो म्हणून गाळणीतून गळणारा आवाज दुप्पट, म्हणजे शंभर. दोन कंडेन्सर फुगलेले निघाले. नव्यांवर 450 व्होल्ट लिहिलं आहे ना, प्लस-मायनस उलटं नाही ना, हे तीनदा पाहून सोल्डर केलं.

सगळे व्हॉल्व्ह पुन्हा बसवून मशीन चालू केलं. आता फक्त बारीकशी सळसळ उरली. ती रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या धावपळीची. जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी 1928 मध्ये तिचं गणित मांडलं. ती कुणालाच पूर्ण घालवता येत नाही.

मामा चहा घेऊन आले, भोंग्याजवळ कान नेला आणि म्हणाले, "लाईट गेली का रे?"