बोर्डाचा चार्ज कोणाकडून घ्यायचा? डिव्हाइस ट्रीचा इतिहास

फौजेत चार्ज घेताना आधी यादी हातात येते: कोणती वस्तू, किती, कुठे. ती पडताळल्याशिवाय कोणी सही करत नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एखाद्या बोर्डाचा ताबा घेतो तेव्हा त्यालाही अशीच यादी लागते. आज त्या यादीचा इतिहास पाहू.

घरच्या पीसीत यूएसबी किंवा पीसीआयवर जोडलेला भाग विचारल्यावर आपली ओळख सांगतो. राउटरमधल्या किंवा कारखान्यातल्या छोट्या बोर्डावर बरेचसे भाग मुके असतात. सीरियल पोर्ट ठरावीक पत्त्यावर गुपचूप बसलेला असतो. पत्ता चुकला, की पडद्यावर अक्षरही उमटत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये मिच ब्रॅडली यांनी वेगळा मार्ग काढला. फर्मवेअरनेच यंत्राचे वर्णन झाडाच्या रूपात कर्नलच्या हाती द्यायचे: मुळाशी बोर्ड, फांद्यांवर बस, टोकाला उपकरणे. १९९४ मध्ये 'ओपन फर्मवेअर' नावाने त्याचे आयट्रिपलई १२७५ हे मानक झाले. अ‍ॅपलच्या पॉवरपीसी मॅकमध्येही ते होते. पुढे २००५ च्या सुमारास लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेने हे झाड एका छोट्या फाइलमध्ये बसवले. त्यामुळे साध्या बोर्डालाही ते परवडू लागले.

एआरएमकडे मात्र रीत निराळी होती. प्रत्येक बोर्डाला एक क्रमांक आणि त्याची माहिती कर्नलमध्येच सी भाषेत लिहिलेली. बूटलोडर फक्त क्रमांक सांगे. मोबाइलचा जमाना आला आणि अशा फाइलींचा ढीग झाला. मार्च २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड संताप व्यक्त केला. ग्रँट लाइकली आणि इतरांनी डिव्हाइस ट्री एआरएमवर आणण्याचे काम चालवले होतेच, त्याला आता वेग आला. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्स ३.७ आले आणि एकच कर्नल वेगवेगळ्या कंपन्यांच्या एआरएम चिपांवर चालवण्याची वाट खुली झाली. आता बूटलोडर क्रमांकाऐवजी झाडाचा पत्ता देतो.

यात आपले काय अडले आहे? फौजेचे किंवा रेल्वेचे उपकरण वीस-वीस वर्षे राबते. चिपवाली कंपनी त्याआधीच हात वर करू शकते. बोर्डाची माहिती तिच्या खासगी कर्नलमध्ये गाडलेली असेल, तर सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात आणि धडधाकट बोर्ड भंगारात जातो. वर्णन वेगळे आणि खुले असेल, तर नवा कर्नल जुन्या बोर्डाचा चार्ज घेऊ शकतो. ड्रायव्हर तेव्हाही लागतोच, पण निदान कुठे काय आहे हे शोधत बसावे लागत नाही.

आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे आपले प्रोसेसर रिस्क-फाइव्ह घराण्यातले. तिथेही लिनक्सला हेच झाड लागते. म्हणून बोर्ड बनवणाऱ्या तरुणांना माझे सांगणे: बोर्ड बाजारात जाईल त्याच दिवशी त्याचे वर्णन मुख्य लिनक्सकडे पाठवा. चिप आपली असली, पण यादी दुसऱ्याच्या कपाटात राहिली, तर ताबा आपला नाही.