राब का भाजतात? एका जर्मन गुरुजींच्या परंपरेची गोष्ट

भोर-वेल्ह्याच्या डोंगरात पावसाआधी राब भाजतात. जिथे भाताचं रोप टाकायचं तिथे शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर माती पसरायची आणि पेटवायचं. ‘एवढं शेणखत जाळून काय मिळतं?’ असं आम्हीही कधीकाळी पुस्तकी जोरावर विचारलं होतं. इंग्रजी अमदानीत साहेब हेच विचारत. वनखात्याची तक्रार वेगळी होती : टहाळासाठी झाडं बोडकी होतात.

या वादाचा एक धागा जर्मनीपर्यंत जातो. ऑगस्टस व्होल्कर १८२२ साली फ्रँकफुर्टला जन्मले. आधी औषधविक्रेत्याकडे उमेदवारी, मग ग्योटिंगेनला व्ह्योलर यांच्याकडे (प्रयोगशाळेत युरिया बनवणारे तेच) रसायनशास्त्राची डॉक्टरेट. त्या काळी लीबिग यांच्या सिद्धांतांचा दबदबा होता. पिकाची राख तपासली की जमिनीला काय हवं ते कळतं, असं बऱ्याच जणांना वाटे. व्होल्कर १८४९ साली इंग्लंडमधल्या सायरेनसेस्टरच्या शेती कॉलेजात शिकवू लागले आणि मातीकडे, खताकडे, शेताकडे वळले. १८५७ पासून ते रॉयल कृषी संस्थेचे रसायनज्ञ होते. खतात आणि पेंडीत भेसळ करणारे व्यापारी त्यांना वचकून असत! १८७६ साली संस्थेने वोबर्नला प्रयोगशेती सुरू केली, तिथेही त्यांचा हात होता. १८८४ साली ते वारले.

मुलगा जॉन त्याच पदावर आला. १८८९ साली सरकारने त्याला हिंदुस्थानच्या शेतीला रसायनशास्त्र काय देऊ शकेल हे पाहायला पाठवलं. वर्षभर हिंडून त्याने लिहिलं, की इथला शेतकरी अडाणी आहे ही समजूत चूक आहे. १८९३ च्या त्या अहवालात राबाचीही चर्चा आहे.

जॉन त्या पदावर असतानाच हॅरल्ड मान नावाचे तरुण तिथे रसायनाचे सहायक होते. पुढे ते पुण्याच्या शेती कॉलेजचे प्राचार्य झाले. जोशी आणि कानिटकर यांच्यासह त्यांनी राबावर प्रयोग केले. निबंध १९१२ साली छापला गेला. प्रश्न साधा होता : गुण राखेचा की आचेचा? राखेतून पोटॅश मिळतं हे खरंच. पण माती तापली की तणाचं बी मरतं, बरेचसे सूक्ष्मजीव मरतात आणि रोपाला घेता येईल असा नायट्रोजन मोकळा होतो. म्हणजे नुसती राख आणून टाकली तर राबाचं सगळं काम होत नाही.

वनखात्याची तक्रार मात्र या प्रयोगांनी मिटली नाही. आच हवी तर जळण हवं, आणि ते झाडावरूनच येणार.